कॉपी करणाऱ्यांचा इतिहास

दिवाळीत आपल्या ग्रुपवर एक यादी तयार झाली होती, आठवतं? शाळेत कॉपी करताना कोण कोण पकडलं गेलं, त्याची. बरीच नावं आली, प्रत्येकाने दुसऱ्याची दोन जास्तीची सांगितली. माझं नाव कोणी घेतलं नाही, कारण तुमच्या देखत मी कधी पकडली गेले नाही. ती गोष्ट या स्मरणिकेत सांगून टाकायची ठरवली आहे. त्यासाठी अजिंठ्याचा थोडा इतिहास मात्र ऐकून घ्यावा लागेल. माझी स्वतःची गोष्ट मला तो वाचल्यावरच कळली.

नववीची सहल. भल्या पहाटे निघालेली लाल गाडी, जामनेर, पहूर करत फर्दापूर. पहिल्या लेण्यात चित्रकलेच्या सरांनी आपल्याला रांगेने आत नेलं. गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला पद्मपाणी: हातात निळं कमळ, मान किंचित कललेली, डोळे खाली. सर म्हणाले, ‘एक मिनिट नुसतं बघा. बोलायचं नाही.’ आपण दहा सेकंदही गप्प राहिलो नाही. कोणीतरी शिंकलं आणि सगळे हसत सुटलो.

त्यानंतर महिन्याभरात गॅदरिंग आलं. चित्रप्रदर्शनासाठी मी घरच्या जुन्या कॅलेंडरवरचा पद्मपाणी घेतला, त्यावर बटर पेपर ठेवून चेहरा गिरवला, मागून पेन्सिल घासून तो कागदावर उतरवला आणि रंगवला. सांगितलं मात्र ‘मनाने काढलं’ असं. पहिलं बक्षीस मिळालं. बारा रंगांची पेटी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी मला चित्रकलेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर कोरा कागद होता आणि शेजारी अजिंठ्याचं एक पोस्टकार्ड. ते म्हणाले, ‘हाच चेहरा काढ. बघून काढ. बटर पेपर फक्त नको.’ मी पंधरा-वीस मिनिटं धडपडले. नाक एकीकडे, डोळे भलतीकडे. शेवटी रडायलाच लागले. सरांनी कागदाची सुरळी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘जमेल. आधी बघायला शीक.’ त्यांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. बक्षीसही परत मागितलं नाही. पण मला तो अपमान वाटला. एलिमेंटरीला चांगली श्रेणी मिळालेली मी इंटरमिजिएटला बसलेच नाही, आणि पुढची तीस वर्षं ‘मला चित्रं येत नाहीत’ असं सांगत राहिले. इंजिनिअरिंग, मग नोकरी, पुण्यातलं घर, मुलं. कोणी विचारायलाही आलं नाही.

सर गेल्याचं कळलं आणि शाळेच्या हॉलमध्ये त्यांची तसबीर लावायची ठरलं, तेव्हा लक्षात आलं की आपल्यापैकी कोणाहीकडे त्यांचा धड फोटो नाही. आहे तो आपला दहावीचा ग्रुप फोटो. भर दुपारी मैदानावर काढलेला, सगळे चेहरे सपाट पांढरे, आणि नेमके सरांचे डोळे मिटत आलेले. आपल्यातल्या एका उत्साही मित्राने मोबाइलच्या ॲपमध्ये घालून ते डोळे उघडून दाखवले. तसली सॉफ्टवेअरं लिहिणं हेच माझं पोट भरण्याचं साधन आहे, तेव्हा मी त्याला नावं ठेवणार नाही; पण ग्रुपवर आलेला तो माणूस विमा एजंट होता, आपले सर नव्हते. तेव्हा मी लिहून बसले: ‘मी काढते.’ सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले. मी फोन बाजूला ठेवला आणि घाबरले.

पुण्यात एका ज्येष्ठ चित्रकार बाईंकडे रविवारी जायला लागले. व्यक्तिचित्र शिकायचं आहे, हाताशी हा एकच फोटो आहे, हे सांगितलं. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘मिटत आलेले डोळे काढता येतात?’ मी नाही म्हणाले. ‘मग आधी अजिंठ्याचा पद्मपाणी काढा. बघून. जमेपर्यंत.’

मी हसले असणार, कारण त्यांनी ‘काय झालं?’ असं विचारलं. मी म्हटलं, ‘काही नाही. हा चेहरा मी आधी एकदा कॉपी केलाय.’

‘मग तुम्ही चांगल्या लोकांच्या रांगेत आहात,’ बाई म्हणाल्या. ती रांग कोणती, ते मी पुढच्या काही महिन्यांत वाचून काढलं.

अजिंठ्याच्या लेण्यांचं अलीकडचं आयुष्य आपल्याला पाठ्यपुस्तकात होतं: २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास लष्करातला अधिकारी शिकारीला आला आणि दरीच्या पलीकडून त्याला लेण्याची कमान दिसली. दहाव्या लेण्यात त्याने खांबावरच्या चित्रावर आपलं नाव कोरलं, ते अजून आहे. सहलीला जाऊन भिंतीवर नाव कोरणाऱ्यांची परंपराही तेवढी जुनी. पुढे जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने लंडनमध्ये आवाज उठवला की ही चित्रं झपाट्याने नष्ट होत आहेत, निदान त्यांच्या प्रतिकृती करून घ्या. त्यावरून १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास लष्करातल्याच रॉबर्ट गिलला या कामावर नेमलं.

गिलचं नाव आपल्याकडे पारोमुळे माहीत आहे. महानोरांचं ‘अजिंठा’ काव्य आणि त्यावरचा सिनेमा, यांतून तो प्रेमकथेचा नायक झाला. पण हा माणूस वर्षानुवर्षं अंधाऱ्या लेण्यांत उभा राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात भिंती उतरवत होता, हे त्या कथेत थोडं मागे पडतं. त्याने केलेली चित्रं लंडनला गेली आणि सिडनॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहायला मांडली गेली. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली. मोजकी चित्रं सोडता सगळी जळाली. गिल भारतातच राहिला आणि १८७९ मध्ये वारला. त्याची कबर कुठे आहे? आपल्या भुसावळात. शाळेची दहा वर्षं आपण ज्या गावात काढली, तिथे अजिंठ्याची पहिली मोठी कॉपी करणारा माणूस पुरलेला आहे, हे मला पंचेचाळिशीत कळलं. तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं?

पहिली मेहनत जळाल्यावर दुसरी फळी उभी राहिली, ती मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले, ते १८८५ पर्यंत. तीनशेच्या आसपास चित्रं तयार झाली आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमला रवाना झाली. १८८५ मध्ये तिथेही आग लागली आणि त्यातली बरीच चित्रं गेली. वाचलेल्या सामग्रीवरून ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड प्रसिद्ध केले.

तिसरी आग जपानमधली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अराई कांपो हे जपानी चित्रकार कोलकात्यात टागोरांकडे आले होते. त्यांनीही अजिंठ्याला जाऊन प्रतिकृती केल्या. त्या टोकियोला नेल्या गेल्या आणि १९२३ च्या भूकंपानंतर पेटलेल्या आगीत जळून गेल्या.

हे वाचताना माझ्यातली इंजिनिअर अस्वस्थ झाली. आमच्या धंद्यात बॅकअप म्हणजे देव. इथे एकाच भिंतीचे तीन बॅकअप घेतले, तिन्ही वेळा आग. वर हिशेबात आणखी एक वाईट नोंद आहे. काळवंडलेली चित्रं नीट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्सच्या काळात मूळ भिंतीवर व्हार्निश लावलं गेलं. ते पुढे पिवळं पडलं, तडकलं. १९२० च्या दशकात निजामाच्या राज्यात इटलीहून तज्ज्ञ बोलावले गेले, त्यांच्या कामातही लाखेचा थर चढला. हे थर काढणं हे पुरातत्त्व खात्याचं पुढच्या काळातलं मोठं जिकिरीचं काम होऊन बसलं. म्हणजे प्रतिकृती जळाल्या आणि त्या करण्यापायी मूळ चित्रालाही इजा झाली. मग या सगळ्या खटाटोपातून मिळवलं काय?

उत्तर मला कॉपी करणाऱ्यांच्या नावांत सापडलं. ग्रिफिथ्सबरोबर गेलेल्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी नावाचा पारशी तरुण होता, जन्म १८५१ चा. विशीपासून त्याने ग्रिफिथ्सच्या हाताखाली त्या भिंतींवरचे चेहरे उतरवले. हाच पेस्तनजी पुढे मुंबईतला नामांकित व्यक्तिचित्रकार झाला. पारशी घरांतली वडीलधारी माणसं, त्यांचे विचारात पडलेले चेहरे त्याने ज्या शांतपणे रंगवले, ते पाहताना मला लेण्यातल्या अर्धोन्मीलित डोळ्यांची आठवण होते. तैलरंगाचं तंत्र त्याने व्हॅलेंटाइन प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराकडून घेतलं हे खरं. पण त्याआधी अजिंठ्यात त्याचा हात आणि नजर तयार झाली होती.

१९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्याला तळ ठोकला. तिच्या मदतीला बंगालहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही तरुण मंडळी आली, हैदराबादहून सय्यद अहमद आले. या प्रतिकृतींचं पुस्तक १९१५ मध्ये निघालं. नंदलाल अजिंठ्याला गेले तेव्हा विशीतच होते. पुढे त्यांनी शांतिनिकेतनात पिढ्या घडवल्या आणि आपल्या संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची पानं आपल्या विद्यार्थ्यांसह सजवली. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचे क्युरेटर झाले. अजिंठ्याच्या त्या कॉपीने या माणसांची आयुष्यं वळली.

आगीत कॅनव्हास गेले. पण तेरा हिवाळे भिंतीसमोर उभं राहून पेस्तनजी आणि त्याच्या सोबत्यांच्या हातात जे उतरलं होतं, ते आगीच्या वेळी मुंबईत होतं. ते जळालं नाही.

हे वाचून कळणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं. माझा पहिला पद्मपाणी मी चौकटी पाडून काढला. छापील चित्रावर एक-एक सेंटिमीटरची जाळी, कागदावर तीन-तीनची, आणि एकेक चौकट भरत गेले. आम्ही लोक मोठं काम असंच तुकडे करून संपवतो. प्रत्येक चौकट बरोबर आली आणि चेहरा मेलेला निघाला. बाई म्हणाल्या, ‘तुम्ही चौकटी बघितल्या. त्याला कुठे बघितलं?’

दुसऱ्या वेळी त्यांनी जाळी काढून घेतली आणि गवंड्याचा ओळंबा हातात दिला. दोरी चित्रासमोर धरायची आणि बघायचं: कपाळाचा मध्य, नाकाचं टोक, हनुवटी दोरीपासून किती सरकले आहेत. मग लक्षात आलं की त्या चेहऱ्यातली सगळी करुणा आधी मानेच्या कलण्यात आहे. डोळ्यांची, भुवयांची, ओठांची रेघ त्या एका तिरप्या अक्षाला धरून चालते. मी नववीत आणि आता पहिल्यांदाही मान नकळत सरळ करून टाकत होते, कारण ‘चेहरा’ म्हटलं की माझ्या डोक्यात समोर बघणारा पासपोर्टचा फोटोच येत होता.

डोळ्यांनी दोन महिने घेतले. मी काढलेला प्रत्येक पद्मपाणी एकतर टक लावून बघत होता किंवा झोपला होता. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात डोळ्यांचे आकार सांगितले आहेत: धनुष्यासारखा, माशाच्या पोटासारखा, कमळाच्या पाकळीसारखा. मला ते आधी काव्य वाटलं होतं. कागदावर काढताना कळलं की ही कामाची सूचना आहे. खाली पाहणाऱ्या डोळ्यात बुबुळ कमी आणि वरची पापणी जास्त दिसते. ती पापणी म्हणजे भरीव, गोलाकार पृष्ठभाग आहे. डोळा काढायचाच नसतो. पापणी काढायची, डोळा तिच्याखाली आपोआप येतो.

तिसरी गोष्ट छायेची. आपल्याला शाळेत शिकवलं होतं की उजेड कुठून येतो ते आधी ठरवा आणि मग सावली द्या. वस्तुचित्रात तांब्याची सावली टेबलावर पडायची, तशी. अजिंठ्यात असा एका बाजूचा उजेड नाही. तिथे कडांकडे रंग गडद होत जातो आणि उंचवट्यावर, नाकाच्या दांड्यावर, ओठावर, हनुवटीवर उजळतो. चित्रसूत्रात याला वर्तना म्हटलं आहे आणि तिचे पत्रजा, ऐरिक आणि बिंदुज असे प्रकार दिले आहेत: रेघांनी, हलक्या छटांनी आणि ठिपक्यांनी. साहित्य तर आपल्या अंगणातलं. मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि रंग म्हणजे गेरू, पिवडी, काजळी, हिरवी माती. निळा तेवढा लांबून, लाजवर्दाच्या दगडाचा. मी गेरू, पिवडी आणि काजळी एवढ्यावरच काम केलं. अकराव्या कागदावर बाई पहिल्यांदा काही न बोलता चहा आणायला आत गेल्या.

त्या रात्री मी आपला ग्रुप फोटो पुन्हा उघडला आणि मला एकदम कळलं, बाईंनी नेमका हाच चेहरा का दिला होता. दुपारच्या उन्हाने त्या फोटोतल्या सावल्या पुसून टाकल्या होत्या. बाजूच्या उजेडाच्या पद्धतीने त्यातून सर काढणं अशक्य होतं. अजिंठ्याच्या वर्तनेला उजेडाची दिशा लागतच नाही. गालाचं हाड कुठे वर येतं आणि कानशील कुठे आत जातं, एवढं माहीत असलं की पुरे. ते मला माहीत होतं. दोन वर्षं पहिल्या बाकावर बसून मी तो चेहरा पाहिला होता. आणि मिटत आलेले डोळे, ज्यांना ॲपने चूक समजून दुरुस्त केलं, ते चूक नव्हतेच. आठवून बघा. आपलं चित्र हातात घेतलं की सर असेच बघायचे, पापण्या खाली, मान डावीकडे जरा कललेली. कॅमेऱ्याने त्यांना बहुतेक शेजारच्या कोणाच्या तरी बुटाच्या सुटलेल्या नाडीकडे बघताना पकडलं होतं.

चित्र मी तसंच काढलं आहे. डोळे खालीच ठेवले आहेत. ते हॉलमध्ये लागेल तेव्हा काही जण म्हणतील की सर समोर बघत नाहीत. त्यांनी चित्राच्या खाली जाऊन उभं राहावं.

आता माझा हिशेब. सर मला त्या दिवशी काय सांगत होते, ते कळायला मला तीस वर्षं आणि अकरा कागद लागले. त्यांनी कॉपी करू नको असं म्हटलंच नव्हतं. पोस्टकार्ड त्यांनी स्वतः समोर ठेवलं होतं, ‘बघून काढ’ म्हणाले होते. गिलपासून नंदलालांपर्यंत सगळे जे करत होते तेच. मी बटर पेपर ठेवला होता तो न बघता पुढे जाण्यासाठी, आणि त्यांना फक्त तो मधला कागद काढायचा होता. मी त्यांना भेटून हे सांगू शकले असते. दर दिवाळीला भुसावळला येत होते, त्यांचं घर माहीत होतं. गेले नाही. ते आता या कागदावरच सांगते आहे.

आणखी एक. त्या वर्षीच्या प्रदर्शनात दुसरा नंबर ज्या मैत्रिणीचा आला, तिने रेल्वे क्वार्टरमधली, पाण्याच्या टाकीखाली कपडे धुणारी बाई काढली होती. मनाने, खरोखर. तीही ही स्मरणिका वाचणार आहे. बारा रंगांची ती पेटी मी कधीच उघडली नाही, आईने माळ्यावर जपून ठेवली होती. मागच्या महिन्यात खाली काढली. रंग वाळून दगड झाले आहेत, पण बाराही आहेत. स्नेहमेळाव्याला येताना मी ती बरोबर आणते आहे. बाई गं, ती तुझी आहे. उशीर झाला, त्याबद्दल रागाव हवं तर, पण घे.

आणि मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना वेळ आहे त्यांनी सांगा. आपल्या वाघूर नदीचं पाणी जिथून येतं त्या दरीत पुन्हा एकदा जाऊन येऊ. पहिलं लेणं, डावी बाजू. एक मिनिट, न बोलता.